स्वतःच स्वतःचा परीक्षक : बेंजामिन फ्रँकलिन

थोर पुरुषांची चरित्रे ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत का द्यावीत, असा प्रश्न कोणी विचारील तर त्यास आमचे उत्तर साधे आहे. वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. स्मरणिका वडीलधाऱ्यांच्या कपाटात जपून ठेवली जाते आणि सुटीच्या दिवसांत मुले ती चाळतात. म्हणून तीत जे चरित्र छापावयाचे ते घरातील एखाद्या मुलामुलीच्या प्रत्यक्ष उपयोगी पडावे, अशी दृष्टी ठेवून आम्ही यंदा अमेरिकेतील थोर पुरुष बेंजामिन फ्रँकलिन यांचे चरित्र निवडले आहे. आकाशातील वीज आणि प्रयोगातील वीज एकच होय हे सिद्ध करण्याचा मार्ग दाखविणारे शास्त्रज्ञ, तसेच १७७६ सालच्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे मुत्सद्दी, म्हणून त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्या पराक्रमांची उजळणी करण्याचा येथे हेतू नाही. जेमतेम दोन वर्षे शाळा पाहिलेला हा कारागिराचा मुलगा इंग्रजी वाचावयास व लिहावयास कसा शिकला, आणि आपण खरोखर पुढे जात आहोत की नाही हे त्याने शिक्षकावाचून कसे ओळखले, एवढाच भाग आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत.

हा भाग निवडण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांतूनही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाणारी मुले तर निराळीच. असे असूनही दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा एक साधा अर्ज लिहावयास बसला की त्याची लेखणी अडते, हा अनुभव अनेक कुटुंबांस आहे. आईबापांना विचारावे तर ते गुणपत्रिका दाखवितात. मुलाला विचारावे तर तो शिकवणीच्या शिक्षकांकडे बोट दाखवितो. आपणास कालपेक्षा आज अधिक येते काय, आणि कोणत्या बाबतीत अधिक येते, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. ज्या घरात इंग्रजी शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घरात तर ही अडचण दुप्पट होते. कारण तेथे तपासून देणारे कोणी नसते, आणि एकदा का आपल्याला इंग्रजी येत नाही असा ग्रह मनाशी बसला की तो जन्मभर निघत नाही. त्या ग्रहापायी कित्येक बुद्धिमान मुले नोकरीच्या मुलाखतीस जाण्यापूर्वीच हार मानतात. फ्रँकलिन यांच्या चरित्रात या दुखण्यावर एक उपाय आहे.

बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी उत्तर अमेरिकेतील बोस्टन या गावी झाला. त्या काळी तो प्रदेश इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होता. वडील जोसाया हे इंग्लंडातून तेथे जाऊन स्थायिक झालेले. चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करणे हा त्यांचा धंदा. दोन विवाहांपासून त्यांस सतरा अपत्ये झाली आणि त्यांतील बेंजामिन हा सर्वांत धाकटा मुलगा. त्याची वाचनाची आवड पाहून वडिलांनी त्याला आठव्या वर्षी लॅटिन शाळेत घातले. परंतु एवढ्या मोठ्या कुटुंबाच्या खर्चात पुढील उच्च शिक्षण परवडणार नाही हे ध्यानी येताच वर्षाच्या आतच तेथून काढून लेखन व अंकगणित शिकविणाऱ्या दुसऱ्या शाळेत ठेवले. तेथे त्याचे अक्षर चांगले झाले. गणितात मात्र तो नापास झाला. दहाव्या वर्षी शाळा कायमची सुटली आणि हा मुलगा वडिलांच्या दुकानात मेणबत्तीच्या वाती कापणे, साचे भरणे, निरोप पोचविणे अशा कामांस लागला. त्याचे शालेय शिक्षण येथेच संपले. जो पुढे इंग्रजी भाषेतील उत्तम गद्यलेखकांत गणला गेला, त्याची शाळेची शिदोरी एवढीच होती.

दुकानाचे काम त्याला रुचेना. समुद्रावर निघून जावे असे त्याच्या मनात येई. वडिलांना ती धास्ती होती. मुलाच्या हाती पडणारा प्रत्येक पैसा पुस्तकांत जातो, हे पाहून त्यांनी त्याला छापखान्यात घालण्याचा निश्चय केला. थोरला भाऊ जेम्स १७१७ साली इंग्लंडहून छपाईचे यंत्र व खिळे घेऊन परत आला होता. त्याच्याकडे बाराव्या वर्षी बेंजामिन उमेदवार म्हणून राहिला. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा. खिळे जुळविण्याचे काम करता करता त्याचे शब्दांशी व विरामचिन्हांशी नित्य दळणवळण सुरू झाले. गावातील पुस्तकविक्रेत्यांकडे काम करणाऱ्या मुलांशी त्याने मैत्री जोडली. त्यांच्याकडून संध्याकाळी पुस्तक आणावे, रात्र बहुतेक जागून वाचावे, आणि गिऱ्हाइकास त्याची उणीव भासू नये म्हणून पहाटेच दुकानी परत करावे, असा त्याचा क्रम असे. छापखान्यात येणाऱ्या मॅथ्यू ॲडम्स नावाच्या एका सुविद्य व्यापाऱ्याने त्याची ही आवड पाहून आपला ग्रंथसंग्रह त्याला खुला केला. पुढे सोळाव्या वर्षी त्याने मांसाहार सोडला, भावाकडून भोजनखर्चाची निम्मीच रक्कम रोख घेऊन त्यातूनही निम्मी शिल्लक टाकली, आणि ती पुस्तकांवर खर्च केली. बाकीचे कामगार जेवावयास गेले म्हणजे पावाचा तुकडा, मूठभर बेदाणे व पेलाभर पाणी एवढ्यावर आटोपून तो उरलेला वेळ वाचनास देई.

या वयात लिहिण्याची उबळ येणे स्वाभाविकच होते. भावाच्या सांगण्यावरून त्याने दोन पोवाडेवजा काव्ये रचली; एक समुद्रात बुडालेल्या दीपगृहरक्षकाच्या कुटुंबावर आणि दुसरे ब्लॅकबिअर्ड या चाच्यावर. भावाने ती छापून त्यालाच गावात विकावयास धाडले. पहिले काव्य भराभर खपले आणि मुलाला मोठी धन्यता वाटली. वडिलांनी मात्र त्या काव्यांची थट्टा करून, कवी बहुधा भिकेस लागतात असे बजावले. खप म्हणजे गुणवत्ता नव्हे, हा पहिला धडा त्याला घरातच मिळाला.

दुसरा धडा याहून मोलाचा होता. जॉन कॉलिन्स नावाचा त्याचा एक मित्र होता. स्त्रियांना उच्च विद्या द्यावी की नाही, या प्रश्नावर दोघांचा वाद जुंपला. कॉलिन्सचे म्हणणे स्त्रियांस ते झेपणार नाही असे. बेंजामिनने स्त्रियांची बाजू घेतली. दोघे काही काळ दूर असल्यामुळे हा वाद पत्रांतून चालला. तीन-चार पत्रे झाली असतील, तोच ती वडिलांच्या हाती पडली. जोसाया काही पंडित नव्हते. वादाचा विषय कोणता आणि खरे कोणाचे, यात ते शिरले नाहीत. त्यांनी मुलाला जवळ बसवून एवढेच दाखविले की शुद्धलेखन आणि विरामचिन्हे यांत तू मित्रापेक्षा वरचढ आहेस, परंतु भाषेचे सौष्ठव, मांडणीचा क्रम आणि अर्थाची स्पष्टता या तीन गोष्टींत तू पुष्कळ मागे आहेस. आणि प्रत्येक गोष्टीची उदाहरणे त्या पत्रांतूनच काढून त्याच्यापुढे ठेवली. मुलाला हे पटले आणि त्याने सुधारणेचा निश्चय केला.

या ठिकाणी आम्ही वाचकांस क्षणभर थांबावयास सांगतो. आपण मुलांना काय सांगतो ते आठवावे. तुझे इंग्रजी कच्चे आहे, असे आपण सांगतो. एवढ्या सांगण्याने मुलाला दुःख होते आणि हाती काहीच लागत नाही. जोसायांनी भाषेचे चार-पाच भाग निरनिराळे केले, ज्यात मुलगा चांगला होता ते आधी सांगितले, आणि ज्यात उणा होता ते उदाहरणानिशी दाखविले. प्रगती मोजावयाची तर प्रथम मोजण्याजोगे भाग पाडावे लागतात. हे काम एका मेणबत्तीवाल्याने केले.

याच सुमारास बेंजामिनच्या हाती स्पेक्टेटर या नियतकालिकाचा एक सुटा, तिसरा खंड लागला. ॲडिसन व स्टील या दोन लेखकांनी १७११ साली लंडनमध्ये सुरू केलेले हे पत्र उत्तम इंग्रजी गद्याचा नमुना मानले जाई. त्याने तो खंड विकत घेतला, पुनःपुन्हा वाचला, आणि जमल्यास असे लिहावयास शिकावे असे मनाशी ठरविले. त्याने जी रीत योजिली ती अशी : एक निबंध घ्यावयाचा आणि त्यातील प्रत्येक वाक्याचा आशय एक-दोन शब्दांत टिपून ठेवावयाचा. मग ती टिपणे काही दिवस बाजूस ठेवावयाची. त्यानंतर पुस्तक न उघडता, केवळ टिपणांवरून, सुचतील त्या योग्य शब्दांत तो निबंध पूर्ण लिहावयाचा. शेवटी आपला निबंध मूळ निबंधाशेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहावयाचा, दोष शोधावयाचे आणि दुरुस्त करावयाचे.

या रीतीतील मधले काही दिवस फार महत्त्वाचे आहेत. वाचल्याबरोबर लिहावयास बसले असता स्मरणशक्ती मूळचे शब्द जसेच्या तसे पुरविते. ती केवळ नक्कल होते. काही दिवसांनी शब्द विसरतात, आशय उरतो, आणि मग जे उतरते ते आपले स्वतःचे लेखन असते. तेच मूळाशी ताडले म्हणजे आपण कोठे आहोत याचे खरे माप मिळते. आपल्याकडे कित्ता गिरविण्याची पद्धत जुनी आहे. परंतु कित्ता समोर ठेवून गिरविल्याने हात वळतो, तर कित्ता मिटून लिहिल्याने बुद्धी वळते.

ताडून पाहताना बेंजामिनला पहिली उणीव आढळली ती शब्दसंग्रहाची. अर्थ मनात आहे, पण त्यास योग्य शब्द वेळेवर सापडत नाही. त्याच्या ध्यानी आले की कविता करणाऱ्यास वृत्तासाठी लहानमोठे आणि यमकासाठी निरनिराळ्या ध्वनींचे शब्द सारखे धुंडाळावे लागतात. म्हणून त्याने काही कथा पद्यात रचल्या, आणि मूळ गद्य बरेचसे विसरल्यावर त्या पद्याचे पुन्हा गद्य केले. दुसरी उणीव क्रमाची. तिच्यासाठी तो आपली टिपणे मुद्दाम विस्कटून टाकी, काही आठवड्यांनी ती उत्तम वाटेल त्या क्रमाने लावी, आणि मगच निबंध लिहून पुरा करी. वडिलांनी दाखविलेल्या उणिवा आणि हे प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर प्रत्येक दुखण्याला निराळे औषध कसे योजिले होते हे दिसून येते.

यासाठी वेळ कोणता? तर दिवसाचे काम संपल्यावर रात्री, काम सुरू होण्यापूर्वी पहाटे, आणि रविवारी. या कष्टाचे फळ त्याला हळूहळू मिळू लागले. बहुधा त्याचे लेखन मूळापेक्षा उणेच ठरे. परंतु कधी कधी एखाद्या लहानशा ठिकाणी आपली मांडणी किंवा शब्दयोजना मूळाहूनही बरी उतरली आहे असा भास त्याला होई. आपण कालांतराने बऱ्यापैकी इंग्रजी लेखक होऊ शकू, ही आशा त्याला त्यातूनच मिळाली. त्याच सुमारास शाळेत ज्या अंकगणितात तो दोनदा नापास झाला होता ते कॉकर यांच्या पुस्तकावरून त्याने एकट्याने आणि सहज पुरे केले.

आता बाहेरची परीक्षा राहिली होती. भाऊ जेम्स याने १७२१ साली न्यू इंग्लंड कूरंट नावाचे वृत्तपत्र काढले. त्यात लिहिणारी विद्वान मंडळी छापखान्यात जमून लेखांची चर्चा करीत. सोळा वर्षांच्या उमेदवाराचे लेखन भाऊ छापणार नाही हे बेंजामिन जाणून होता. त्याने अक्षर बदलून, सायलेन्स डूगुड या कल्पित विधवा बाईंच्या नावाने एक लेख लिहिला आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकविला. सकाळी मंडळींनी तो वाचला, वाखाणला, आणि लेखक कोण असावा याचे तर्क करताना गावातील नामांकित विद्वानांचीच नावे घेतली. खिळे जुळवीत उभा असलेला मुलगा हे सारे ऐकत होता. १७२२ सालच्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत असे चौदा लेख प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील एकात स्त्रीशिक्षणाचा कैवारही होता. आपल्याकडे परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिता बैठक क्रमांक लिहितात, त्यातले तत्त्व हेच आहे. लिहिणाऱ्याचे वय, घराणे वा धंदा परीक्षकास ठाऊक नसला म्हणजे लेखनाचेच मोल होते. विशेष हे की पुढे वृद्धपणी हा प्रसंग सांगताना, ते परीक्षक आपणास तेव्हा वाटले तितके जाणते कदाचित नसतीलही, असा शेरा फ्रँकलिन यांनी मारून ठेविला आहे. स्तुतीने त्यांना उमेद दिली. परंतु स्तुती हे माप त्यांनी मानले नाही.

भावाशी पुढे बेबनाव झाला आणि १७२३ साली, सतराव्या वर्षी, करार मोडून ते बोस्टनहून निघाले व फिलाडेल्फियास पोचले. तेथून पुढची त्यांची चढती कमान इतिहासात नमूद आहे. १७२९ साली ते पेनसिल्व्हानिया गॅझेट या वृत्तपत्राचे मालक झाले. १७३२ साली त्यांनी सुरू केलेले पुअर रिचर्ड हे पंचांग पंचवीस वर्षे घरोघरी वाचले गेले. आम्हांस येथे त्यांच्या दोन संस्था सांगावयाच्या आहेत. १७२७ साली त्यांनी कारागीर व तरुण मित्रांचे जंटो नावाचे मंडळ स्थापिले. ते दर शुक्रवारी संध्याकाळी भरे आणि प्रत्येक सभासदाने तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध तेथे वाचलाच पाहिजे असा नियम होता. १७३१ साली त्यांनी वर्गणीवर चालणारे ग्रंथालय काढले. पन्नास सभासदांनी आरंभी चाळीस शिलिंग व पुढे दरसाल दहा शिलिंग द्यावयाचे, अशी ती योजना होती. त्या ग्रंथालयात रोज तास-दोन तास बसून त्यांनी आपल्या अपुऱ्या शिक्षणाची भरपाई केली.

कोणी म्हणेल, इंग्रजी ही फ्रँकलिन यांची मातृभाषाच होती. आपल्याला ती परकी आहे. आक्षेप रास्त आहे. परंतु परकी भाषा ते कसे शिकले हेही नमूद आहे. १७३३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी फ्रेंचचा अभ्यास आरंभिला आणि लवकरच ती पुस्तके सहज वाचण्याइतकी आत्मसात केली. मग इटालियन घेतली. तीच भाषा शिकणारा एक मित्र त्यांना बुद्धिबळ खेळावयास ओढी. तेव्हा त्यांनी अट घातली की जो जिंकेल त्याने हरणाऱ्यास व्याकरणाचा पाठ किंवा भाषांतर नेमून द्यावे आणि पुढच्या भेटीपूर्वी ते पुरे झाले पाहिजे. दोघे तोडीस तोड असल्याने दोघांचीही इटालियन पुढे सरकली. त्यानंतर स्पॅनिश झाली, आणि शाळेत सुटलेली लॅटिन पुन्हा हाती घेतली तेव्हा ती पूर्वीपेक्षा सोपी वाटली. सत्तरी ओलांडल्यावर अमेरिकेचे वकील म्हणून फ्रान्समध्ये राहत असताना ते फ्रेंचमध्ये लहान लहान लेख लिहीत आणि तेथील स्नेह्यांकडून त्यांतील चुका दुरुस्त करून घेत. जगभर कीर्ती झालेल्या पुरुषाला या वयात आपल्या चुका दाखवून घेण्याचा संकोच वाटला नाही.

प्रगतीची नोंद ठेवण्याची त्यांची सवय भाषेपुरतीच नव्हती. तारुण्यात त्यांनी आपल्या आचरणासाठी तेरा गुण निवडले आणि एक लहान वही केली. प्रत्येक पानावर तांबड्या शाईने वारांचे सात उभे रकाने व गुणांच्या तेरा आडव्या ओळी आखल्या. ज्या दिवशी ज्या गुणात चूक होई त्या घरात काळा ठिपका पडे. एका आठवड्यात एकाच गुणावर विशेष लक्ष ठेवावयाचे. अशा तेरा आठवड्यांची एक फेरी, आणि वर्षात चार फेऱ्या. ठिपके खोडून कागदास भोके पडू लागली, तेव्हा त्यांनी हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. तीवरील शिसपेन्सिलीच्या खुणा ओल्या स्पंजाने पुसता येत. आरंभी त्यांना आश्चर्य वाटले ते हे की आपल्यात कल्पनेहून कितीतरी अधिक दोष आहेत. परंतु ते कमी होत जाताना पाहण्याचे समाधानही त्यांना लाभले. व्यवस्थितपणा हा एक गुण मात्र त्यांना अखेरपर्यंत साधला नाही, आणि त्यांनी तो साधल्याचा बहाणाही केला नाही.

या चरित्रास काळी बाजू नाही असे नाही. गुलाम बाळगणाऱ्या समाजात ते वाढले आणि त्यांच्या घरीही गुलाम होते. परंतु १७६३ साली फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेस त्यांनी भेट दिली, त्या मुलांची समज व स्मरणशक्ती डोळ्यांनी पाहिली, आणि ती गोऱ्या मुलांहून कोणत्याही प्रकारे उणी नाहीत असे लेखी कळविले. पुढे १७८७ साली ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि १७९० साली, मृत्यूच्या दोनच महिने आधी, त्या संस्थेचा अर्ज अमेरिकेच्या विधिमंडळापुढे त्यांच्याच सहीने गेला. बुद्धी जन्मावर ठरत नाही हे त्यांनी मुलांचा अभ्यास पाहून मान्य केले, ही गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिसमाजांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या टॉमस पेन यांचे लेखन पुढे महात्मा जोतीराव फुले यांनी वाचले, त्या पेन यांना १७७४ साली शिफारसपत्र देऊन अमेरिकेस धाडणारे फ्रँकलिनच होते.

इंग्रजी शब्दलेखनाचा जाच केवळ आपल्या मुलांना होतो असेही नाही. लिहावे एक आणि वाचावे दुसरेच, या विसंगतीला कंटाळून १७६८ साली फ्रँकलिन यांनी इंग्रजीसाठी नवी वर्णमाला रचली. तीत सी, जे, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय ही अक्षरे गाळून सहा नवी घातली होती. ती योजना रूढ झाली नाही. जसा उच्चार तसे लेखन, ही सोय आपल्या देवनागरीत बरीचशी जन्मजात आहे. म्हणून स्पेलिंग चुकले तर मुलाने स्वतःस मंद समजू नये. मातृभाषेविषयीही त्यांचा आग्रह होता. त्यांच्या प्रयत्नाने १७५१ साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या विद्यालयात लॅटिनबरोबर इंग्रजीची स्वतंत्र शाळा होती. परंतु विश्वस्तांनी लॅटिनच्या शिक्षकास दुप्पट वेतन देऊन इंग्रजीची हेळसांड केली, हे शल्य त्यांनी १७८९ साली, रुग्णशय्येवरून, लेखी मांडले. लोकांच्या बोलीकडे पाठ फिरविणारी विद्या त्यांस अपुरी वाटत होती. १७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते फिलाडेल्फिया येथे निवर्तले.

या चरित्रातून आपल्या घरी काय न्यावे? प्रत्येक विद्यार्थ्याने शंभर पानी वही करावी असे आम्ही सुचवितो. पाठ्यपुस्तकातील किंवा चांगल्या इंग्रजी वृत्तपत्रातील एक परिच्छेद घ्यावा, टिपणे करावीत, चार दिवस थांबावे, पुस्तक मिटून लिहावे आणि मग ताडून पाहावे. वहीच्या शेवटी काळ, वचन, उपपदे, शब्दयोगी अव्यये, स्पेलिंग, विरामचिन्हे असे रकाने आखून चुकीस ठिपका द्यावा. वाचनासाठी एक पान निवडून त्यातील न कळलेले शब्द मोजावेत, तारीख घालून आकडा लिहावा, आणि तीन महिन्यांनी तितक्याच अवघड दुसऱ्या पानावर तोच प्रयोग करावा. आरंभी ठिपके पुष्कळ पडतील. त्याने घाबरू नये, कारण पूर्वी चुका होत्याच, आता त्या दिसू लागल्या एवढेच. शेजारच्या मुलाच्या वहीशी तुलना करू नये. तुलना करावयाची ती वरच्या बाजूस उत्तम लेखकाशी आणि मागच्या बाजूस आपल्याच जुन्या पानाशी.

ज्या आईवडिलांना इंग्रजी येत नाही त्यांनीही हताश होऊ नये. ठिपके मोजावयास इंग्रजी लागत नाही. आठवड्यातून एकदा मुलाची किंवा मुलीची वही जवळ घेऊन, या रकान्यातले ठिपके मागच्या महिन्यापेक्षा कमी झाले ना, एवढे आपुलकीने विचारले तरी मुलाच्या पाठीशी कोणी आहे हे त्याला कळते. जोसाया फ्रँकलिन यांनी याहून फारसे अधिक केले नव्हते. गुणगौरव समारंभात बक्षीस घेणारी मुले आम्हांस प्रिय आहेतच. परंतु ज्यांचे नाव पुकारले जात नाही अशा कितीतरी मुलामुलींच्या कपाटात पुढील वर्षी अशी एक ठिपक्यांची वही असावी, तिच्या शेवटच्या पानांवर ठिपके विरळ झालेले दिसावेत, आणि ते त्यांनी स्वतःच मोजलेले असावेत, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे.